साठीचं ग्रीटिंग आणि काकाचा व्हिडिओ

चूक काकाची होती, त्याच्या मुलांची नाही, हे आधीच सांगतो. मास्टर्स अर्धवट सोडून मी अमेरिकेत बॉथेलला त्याच्याकडे राहत होतो. नागपूरला बाबांना हे त्यांची साठी होईपर्यंत कळू द्यायचं नाही, हे शहाणपणही त्याचंच. या मोठ्यांना खरं बोलायलासुद्धा मुहूर्त लागतो.

तर बाबांच्या साठीसाठी मी मुलांकडून ग्रीटिंग करून घेत होतो. तीन वर्षांच्या नीलचा पंजा निळ्या रंगात बुडवून कागदावर दाबत होतो, आणि पाच वर्षांची मीरा बाजूला ब्रशने फुलं काढत होती. तेवढ्यात काका फोन घेऊन आला. मुलं घरात इंग्रजीच बोलतात, पण फॅमिली ग्रुपवर त्यांचं मराठी मिरवायची काकाला भारी हौस.

"मीरा, मराठीत सांग, कोण मदत करतंय?"

"दादा."

"असं नाही बेटा, पूर्ण वाक्य."

मीराने जरा विचार केला. "दादाने कॉलेज सोडलं, म्हणून तो रोज घरी असतो."

"अरे वा! शाब्बास!" म्हणत काकाने व्हिडिओ तिथल्या तिथे ग्रुपवर टाकला.

"काका, डिलीट कर! ती काय बोलली ऐकलंस का?"

"ऐकलं ना यार. एकदासुद्धा अडखळली नाही!"

मी रंगाच्याच हातांनी फोन ओढून घेतला, तोवर बाबांनी व्हिडिओ पाहिला होता.

साठीच्या दिवशी बाबा मुलांशी अर्धा तास बोलले. माझ्याशी ते अजून बोललेले नाहीत.