चार खांब अन् वरती टीन

...नाही, तुमीच सांगा जी, याच्यात माहं काय चुकलं? ग्रामपंचायतीचा मेंबर झाला का माणूस काय मांगते? कोणी आपल्या घरासमोर सिमेंटचा रस्ता मांगते, कोणी नाली मांगते, एकानं त त्याच्या वार्डात व्यायामशाळा मांगतली, जिथं साठीच्या आतला माणूस सापडत नाही! मी काय मांगतलं? चार खांब अन् वरती टीन. बस्स! पण स्मशानात मांगतलं न... तिथंच सगळा घोळ झाला.

तुमाले सांगतो, आमचं गाव आसगावच्या पलीकडं. तलावाच्या पारीखाली, म्हणजे बांधाखाली, एक मोकळी जागा आहे, तेच आमचं स्मशान. ना भिंत, ना छप्पर. आता तुमी म्हणान, मधुकरराव, इतक्या वर्सांत कोणाले नाही सुचलं, तुमालेच काहून सुचलं? त सुचलं असं, का रंजिताची माय गेली ती पोळ्याच्या आदल्या दिवशी. म्हणजे आमची बायको जी. तीन दिवसांचा पाऊस, लाकडं ओली, गोवऱ्या ओल्या, तिघांनी ताडपत्रीचे तीन कोपरे धरलेले, चौथा फाटका कोपरा माह्या एका हातात, अन् दुसरा हात काडीपेटी कोरडी राहावी म्हणून खिशात. पेटतच नव्हतं. तशीही ती कधी माहं एका खेपेत ऐकत नव्हती... दोन वाजता नेलं होतं, साडेपाच वाजले. जाऊ द्या. मुद्दा टिनाचा आहे.

त मी निवडणुकीले उभा राहिलो, लोकांनी दुःखात आहे म्हणून निवडून देल्लं, अन् पहिल्याच ग्रामसभेत मी उभं राहून म्हटलं, "स्मशानात शेड पायजे." सरपंच म्हणे, "मधुकरराव, शुभ काहीतरी मांगा न!" अन् सगळी सभा मान वळवून पाहते कोणाकडं? गोमाजीकडं. गोमाजी म्हणजे आमच्या गावातला सगळ्यात जुना माणूस, अठ्ठ्याऐंशी उमर, पण सभेले पहिल्या रांगेत! तो उठला, काठी आपटली, म्हणे, "माह्याकडं काहून पाहून राहिले बे? मले काही घाई नाही!"

काय सांगू तुमाले! या टिनासाठी पवनीले पंचायत समितीत अकरा चकरा मारल्या. बाबू म्हणे, नकाशा आणा. नकाशा नेला त म्हणे, ठराव आणा. ठराव नेला त म्हणे, हे ठरावात 'स्मशानशेड' लिहिलं आहे, अन् अर्जात 'शेड, स्मशानातील', एकसारखं लिहून आणा. मी म्हटलं, "सायेब, जळणाऱ्याले काही फरक पडते काय?" त्यानं चष्म्यावरून पाहिलं अन् मले बाराव्यांदा बोलावलं. पण झालं एकदाचं! चार खांब उभे झाले, वरती टीन बसला, असा का गळायचं नाव नाही. आता उद्घाटन! पण तुमीच सांगा, स्मशानाच्या उद्घाटनाले कोण येते? सभापतीले फोन लावला त म्हणे, "तारीख कळवतो," अजून कळवून राहिले. सरपंचाले म्हटलं, तुमीच नारळ फोडा, त त्याची बायको आतून ओरडली, "यांनी तिथं फीत कापली त घरात पाय ठेवू देणार नाही!" शेवटी मी एकट्यानं नारळ फोडला, प्रसादही कोणी घेतला नाही. एवढं खोबरं एकट्यानं खाल्लं जी!

त्यावर तो बाबू म्हणे, "शेड वापरात असल्याचा फोटो लावा, त्याशिवाय फाइल बंद होत नाही." फोटो! मी म्हटलं, "सायेब, थोडं थांबा, होईन." अन् इथंच खरी गंमत झाली. शेड झालं, अन् आमच्या गावानं मरणंच सोडलं! चौदा महिने! एवढी तब्येत त या गावाची कधीच नव्हती. ज्याले नागपूरच्या डॉक्टरनं "घरी न्या" म्हणून सांगितलं तो आठ दिवसांत सायकलवर फिरून राहिला. अन् गोमाजी खोकलला का लोक माह्याकडं पाहत. मी एकदा सहज, माणुसकीनं, इचारलं, "गोमाजीबुवा, तब्येत कशी आहे जी?" त म्हणे, "तुह्या फोटोसाठी मरतो काय गा मी?"

चार खांब अन् वरती टीन, कोणाचं काय घेतलं होतं मी?

मग दिवाळी झाली, धान कापला, चुरून-मळून झाला. अन् खरेदी केंद्रावर बारदाना नाही! म्हणजे सरकार धान घेईन, पण भरायले सरकारी पोतेच नाहीत, तोपर्यंत आपला धान आपल्या जवळ सांभाळा. कुठं सांभाळता? त भूपेंद्र आला. हा आमच्याच वार्डातला, दहा एकरवाला, गोड बोलणारा. "काकाजी, पंधरा पोते दोन दिवस शेडात ठेवतो. रिकामाच त आहे." मी म्हटलं, "भूपेंद्र, ते स्मशान आहे बावा." म्हणे, "धानाले कुठं भेव लागते?" दोन दिवसांनी पाहतो त पंधराचे पन्नास, पन्नासाचे सव्वाशे! खांबांवर कोळशानं नावं लिहिलेली, हा कोपरा याचा, तो कोपरा त्याचा. ज्या जागेत संध्याकाळी कोणी जात नव्हतं, तिथं लोक खाट टाकून राखण करून राहिले, पत्ते खेळून राहिले! जो म्हणत होता अपशकुन, त्याचेच वीस पोते! मी ओरडलो, "अरे, उद्या कोणी गेलं त?" सगळे म्हणे, "गोमाजी त चांगला आहे न!"

अन् गेली कोण? आनंदाबाई. यादोरावची माय, आमच्या घरापासून चौथ्या घरची. सकाळी चहा मांगतला, अन् चहा येईपर्यंत गेली. पौष महिना, अन् वरतून पाऊस, असा पाऊस का वाटे परत पोळाच आला! आमी तिले घेऊन पारीखाली पोहोचलो, अन् शेडात पाय ठेवायले जागा नाही. पोत्यावर पोता, टिनापर्यंत. मयत पावसात, अन् धान सावलीत!

भूपेंद्र माह्या कानाशी येऊन म्हणे, "काकाजी, बाहेरच उरकू न. ताडपत्री आणली आहे, चौघं जण धरू." मी ताडपत्रीकडं पाहिलं. निळी, एक कोपरा फाटलेला. तो कोपरा मले ओळखू आला जी. माह्या हातात होता तो.

मी धोतर खोचलं अन् समोरचा पोता पाठीवर घेतला. चौपन्नची उमर, दोन मणक्यांत गॅप! मागून आवाज सुरू, "अरे, तो माहा आहे!" "मधुकर, माहा धान भिजन!" "मेंबर झाला म्हणजे मालक झाला काय?" तेवढ्यात यादोराव पुढं आला. हातात आगीचं मडकं, वरतून पाणी गळून राहिलं. ते मडकं त्यानं भावाच्या हातात देल्लं अन् म्हणे, "मधुकर, त्या खांबाजवळचे नऊ माहे आहेत. माहे पहिले काढ."

मग सगळेच हात लावायले लागले. निघाले पोते. ताडपत्री पोत्यांवर टाकली, पुरली तेवढ्यांले पुरली. अन् आनंदाबाई टिनाखाली. मडक्यातली आग त पावसानं विझली होती, यादोरावनं काडी ओढली... एका काडीत पेटलं, जी. एका काडीत. वरती टिनावर पाऊस तडतडून राहिला अन् खाली एक थेंब नाही. मी तिथंच बाजूले उभा होतो. फोटो काढायचा होता न, फाइलीसाठी... विसरलो.

अन् दुसऱ्या दिवशी काय झालं, सांगा? केंद्रावर बारदाना आला! नेमका दुसऱ्या दिवशी! सत्तावीस पोते भिजलेले, केंद्रवाला म्हणे, वास येते, परत न्या. आठव्या दिवशी त्या धानाले कोंब फुटले. भूपेंद्र ते कोंब मुठीत घेऊन घरोघर दाखवून राहिला, "पाहा, मधुकरकाकाची शेती!" चार खांबांचं कोणी बोलेना, टिनाचं कोणी बोलेना, पोत्याचंच बोलणं! अन् लगेच निवडणूक. भूपेंद्र माह्याविरुद्ध उभा, अन् त्याचा प्रचार एवढाच, "काकाजी मेलेल्यांचे मेंबर आहेत, मी जित्यांचा!" खरंच त होतं ते!

निकाल लागला. एका मतानं पडलो. एका! पुन्हा मोजायले लावलं, तरी एकच. आता जो भेटते तो म्हणते, मी तुमालेच देल्लं. गोमाजी त काठी आपटून म्हणते, "मी सकाळी सातले जाऊन तुलेच देल्लं गा!" मी सगळ्यांवर इस्वास ठेवतो. भांडून काय करता? कारण मले माहीत आहे ते एक मत कुठं गेलं. पाच वर्सांत माह्या कामाचा फायदा पूर्ण गावात एकाच माणसाले झाला, आनंदाबाईले. अन् तिचं नाव मतदार यादीतून कमी करायचा अर्ज, मेंबरचं काम म्हणून, तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मीच नेऊन देल्ला होता.