वाक्यामागचा हं

सरकार कोणाच्या जोरावर टिकते, हा तुमचा वाद ऐकून लोककथा सांगणारे जानूबाबा आठवले. शहाण्णव साली लोकसभा त्रिशंकू झाली आणि अल्पमतातल्या सरकारने शपथ घेतली, त्या आठवड्यात मी नाशिकहून सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर त्यांच्याकडची एक कथा ध्वनिमुद्रित करायला गेलो होतो. बाबा एकटेच राहत.

रेडिओवरची बातमी ऐकून ते म्हणाले, "माणसं कमी, तरी सरकार बसलं कसं?"

"बाहेरचे काही पक्ष 'हो' म्हणतील, या भरवशावर."

"आन नाय म्हणले तर?"

"पडेल."

मग त्यांनी कथा सुरू केली. फीत स्वच्छ यावी म्हणून मी श्वास रोखून बसलो. राजा जंगलात शिरला आणि बाबा थांबले.

"दर वाक्यामागं हं कोण म्हणंल, गुरुजी? म्हातारी म्हणायची. ती गेली, तवापासून कथा सांगितलीच नाय."

"माझा आवाज मिसळेल, बाबा."

"मग पडलं माझंबी सरकार," म्हणत ते उठू लागले.

मी घाईने 'हं' म्हणालो.

दिल्लीतले सरकार पंधरवड्याच्या आत कोसळले. बाबांची कथा मात्र पूर्ण झाली. फितीवर प्रत्येक वाक्यामागे माझा 'हं' आहे. हल्ली घरी एकटा असलो की मी ती लावतो आणि बाबांच्या आवाजापेक्षा त्या 'हं'ची वाट पाहतो.