मोकळं औषध

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक शिवणकाम करणारी बाई आणि तिचा नवरा बोलत होते.

“अगं, रक्तात फिटचं औषध कमी निघालंय. डॉक्टर म्हणतात गोळी वाढवा, तर वाढवू या.”

“वाढवायची नाही. मला आत्ताच एका सुईच्या दोन दिसतात. चालताना तोल जातो.”

“तो अशक्तपणा.”

“अशक्तपणा कसला, औषध जास्त होतंय. अहो, रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं, ते औषधाला धरून ठेवतं. धरलेलं औषध काही करत नाही, मोकळं सुटलेलंच डोक्यात चढतं. आजारपणात माझं अल्ब्युमिन निम्म्यावर आलंय. मग धरणार कोण? तपासणीत धरलेलं आणि मोकळं एकत्रच मोजतात, म्हणून आकडा कमी दिसतो.”

“हे तुला कोणी शिकवलं?”

“आधीच्या डॉक्टरीणबाईंनी. तेव्हा तुम्ही बाहेर चहा पीत होतात.”

“आणि या डॉक्टरांना राग आला तर?”

“येऊ दे. डोकं माझं आहे. मोकळं औषध किती ते मोजल्याशिवाय मी वाढीव गोळी गिळणार नाही.”

तिचा नंबर लागला. भिंतीला धरून ती एकटीच आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली.

“काय गं, चिडले का?”

“चिडले. मग विचारलं, रक्त कुठल्या हातातून काढू.”