लेझरच्या काचेले कुंकू

खोटं काहून बोलू, वानखेडेच्या त्या काचेवर मी जळून राहिलो होतो. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. सौंसरच्या कॉलेजात तो फिजिक्स शिकवे आन मी केमिस्ट्री. त्यानं भोपाळहून लेझर आणला, आन संगं नखाएवढी एक काच. तिच्यावर डोळ्याले न दिसणाऱ्या हजारो बारीक रेघा होत्या म्हणे. लेझर तिच्यातून सोडला की भिंतीवर एका लाल ठिपक्याचे सात ठिपके होऊन जात. पांढुर्ण्याहून लोक बस करून पाहाले आले. माझी बायको बी पाहून आली, आन घरी जेवाले वाढता वाढता मले म्हणे, "तुमच्यापाशी असं काहीच नाही का हो?"

वानखेडे रोज स्टाफरूममधी सांगे, "काचेले बोट लावू नका बाबा. त्या रेघा एकदा पुसल्या तं गेल्या."

खंडेनवमीले कॉलेजात यंत्रांची पूजा असे. वानखेडे नारळ आणाले बाजारात गेला होता. प्रिन्सिपॉल साहेबांनं माझ्या तराजूले हळदीकुंकू लावलं, लेझरच्या डब्याले लावलं, आन त्या काचेपाशी येऊन थांबले. कुंकवाचं बोट तसंच वर धरून मले विचारलं, "एवढ्याशा काचेले बी लावाचं का?"

माझ्या तोंडात 'नाही' आलं होतं, देवाशपथ. पण तेवढ्यात बायकोचा तो सवाल आठवला.

मी म्हटलं, "लावा ना सर. पण जरा दाबून लावा, काचेवर कुंकू टिकत नाही."