इगतपुरीहून माघारी

(नाशिकमधलं एक हॉस्पिटल. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या सुलाबाई उशीला टेकून बसल्यात. शेजारी त्यांची लेक संजना. पंचवटीत त्यांच्या शेजारी राहणारा दिनेश, टॅक्सीवाला, भेटायला आलाय.)

सुलाबाई : तर काय! त्या अमेरिकेच्या सायबाचं भलं होवो. त्याच्यामुळं माझी लेक इथं हाय.

दिनेश : त्यानं काय केलं, मावशी?

सुलाबाई : आधी म्हणाले, कामाच्या व्हिसाला एक लाख डॉलर फी. हिच्या तिकडच्या कंपनीनं घाई लावली, फी लागू व्हायच्या आत परत या, तुमच्यासाठी एवढी फी आम्ही भरणार नाय. मग म्हणाले, ज्यांचा व्हिसा आधीचा हाय त्यांना नाय लागत. म्हणून तर ही विमानाला जाता जाता वाटेतनंच माघारी आली.

दिनेश : ताई, तू असं सांगितलंस?

संजना : दिनेश, तू चहा घेणार ना?

सुलाबाई : चहा राहू दे. तू बोल रे.

दिनेश : मावशी, गाडी आम्ही शनिवारी रात्री वळवली. फी लागणार नाही हे कळलं रविवारी सकाळी.

सुलाबाई : म्हणजे... नोकरी गेली असं धरून आलीस तू?

संजना : हो.

सुलाबाई : मी जा म्हणाले होते ना! सिन्नरच्या कारखान्यात उभी राहून राहून पायाच्या शिरा फुगल्या माझ्या. कशासाठी केलं ते?

संजना : माहितीये, आई. म्हणून तर निघाले होते. इगतपुरीला चहाला थांबलो, तेव्हा दिनेश म्हणाला, काळजी करू नको, ऑपरेशनला नेताना मी असेन, आमची आई असेल.

दिनेश : धीर द्यायला म्हणालो, तर ही रडायलाच लागली.

संजना : मला बरं वाटायला हवं होतं. पण दाराशी सगळी दुनिया असणार आणि मी तेवढी नसणार, हे काही सोसेना. म्हटलं, गाडी वळव.

दिनेश : घोटीला पोचलो. मग म्हणते, भूक लागलीय. दोन मिसळी खाल्ल्या हिनं!

सुलाबाई : आन् मला खोटं सांगितलंस.

संजना : खरं सांगितलं असतं तर तू ऑपरेशनला तयार झाली असतीस?

सुलाबाई : नसते झाले.

संजना : मग?

सुलाबाई : दिनेश, बाळा, तुझे लय उपकार झाले.

दिनेश : माझे कसले? ताईनं सांगितलं, मी स्टेअरिंग फिरवलं.

संजना : तू एकदाही ‘का?’ म्हणून विचारलं नाहीस. ते मी विसरणार नाही.

दिनेश : बरं, मी खाली थांबतो. गाडी आडवी लावलीय.

संजना : आई, रागावलीस?

सुलाबाई : राग नाय गं. माझ्यासाठी कुणी कायतरी सोडावं, ह्याची सवयच नाय मला. जरा जवळ सरकून बस.