सेकंदाला बारा

मास्तर : ताई, एक गोष्ट कायमची लक्षात ठेव. माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, पण कॅमेरा खोटं बोलत नाही. तीस वर्षं या खुर्चीत बसून फिल्मा जोडतोय, म्हणून सांगतोय.

ताई : त्या खुर्चीतून आधी ऊठ. पाठीला फोमचे तुकडे चिकटलेत. आणि ती फिल्म परत लाव.

मास्तर : तीनदा पाहिलीस. भाऊजींची गाडी गोदामाच्या फाटकातून आत येते, खांबापाशी हमाल मध्ये येतो, धडक. फाटक ते खांब तीन सेकंद. कंपनीच्या साहेबांनी अंतर मोजलं आणि वेग काढला, ताशी एकोणीस. आवारात मर्यादा दहाची. यात मी काय करू?

ताई : तू कंपनीला फिल्म बनवून दिलीस, तेवढं केलंस ते पुरे आहे. ह्यांनी ती काल पाहिली. परवापर्यंत म्हणत होते, मी हळूच होतो. आता म्हणतात, चित्रात दिसतंय म्हणजे असेन जोरात. जेवताना टेबलाखाली उजवा पाय दाबून बघतात, ब्रेक मारला होता का ते आठवायला. मला त्याची भीती वाटते रे, बंड्या. नोकरी गेली तर दुसरी बघू. बावीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचा स्वतःच्या पायावरचा विश्वास गेला, तर तो कुठून आणायचा?

मास्तर : चौकशी किती वाजता?

ताई : तीनला. अजून अर्धा तास आहे. कबुलीच्या कागदावर सही करणार म्हणतात. हमालाचा पाय मोडलाय, कुणीतरी कबूल व्हायलाच हवं म्हणे. लाव तू.

मास्तर : लावली. हे फाटक. ही गाडी. ही धडक.

ताई : थांबव. हा कोपऱ्यातला पहारेकरी ना?

मास्तर : हो. आवाज ऐकून उठला.

ताई : मी रोज डबा घेऊन त्या फाटकावर जाते. हा माणूस उठायच्या आधी गुडघ्यांची परवानगी काढतो, मग खुर्चीची. इथे तर टुणकन उठलाय.

मास्तर : घाबरला असेल.

ताई : घाबरला की तो बसून राहतो. मागे गोदामात आग लागली तेव्हाही बसून होता.

मास्तर : ताई, जरा गप्प बस.

ताई : का? तुझा चेहरा का पडला?

मास्तर : हे माझ्याकडे फिल्म म्हणून आलंच नव्हतं. सुटी चित्रं आली होती, दोनेकशे. अशी चित्रं आत घेतली की सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, सेकंदाला किती. नाही सांगितलं तर ते आपल्या मनानं पंचवीस धरतं.

ताई : आणि तू सांगितलं नाहीस.

मास्तर : तो कॅमेरा जुना. सेकंदाला बाराच काढतो. म्हणजे सहा सेकंदांत घडलेलं मी तीन सेकंदांत पळवलं. गाडी, हमाल, पहारेकरी, सगळे दुप्पट.

ताई : चित्रावर घड्याळ नसतं का रे?

मास्तर : होतं. वरच्या पट्टीत. मी कापली ती पट्टी. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून.

ताई : बदल मग तो आकडा.

मास्तर : बदलला. बघ, पहारेकरी उठतोय. अजून उठतोय. ताशी नऊ, ताई.

ताई : मग बसलास कशाला? साहेबांना फोन कर.

मास्तर : काय सांगू? ड्रायव्हरच्या मेव्हण्यानं आकडा बदलला आणि ड्रायव्हर सुटला? त्यांना आपलं नातं ठाऊक नाही. आडनावं वेगळी. त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही.

ताई : लहानपणी काच फोडायचास आणि मला पुढे करायचास. आजही मी पुढे गेले असते. पण तो आकडा कुठे असतो हेही मला माहीत नाही.

(मास्तर बाहेर जाऊन फोन करतो. ताई पहारेकऱ्याला पुन्हा पुन्हा उठताना बघत बसते.)

मास्तर : सांगितलं. नातं आधी, चूक नंतर. म्हणाले, न कापलेली चित्रं घड्याळासकट पाठवा, आमचा माणूस मोजेल. यापुढचं काम दुसऱ्याला देणार. ते जाऊ दे. ते स्वतः बाहेरगावी आहेत, आणि चौकशी दोनलाच सुरू झालीये. एकदा सही झाली की मागे घेता येणार नाही म्हणाले.

ताई : म्हणजे पाऊण तास झाला. केली असेल. हे कुणाला ताटकळत ठेवत नाहीत. तूच लाव फोन.

भाऊजी : हॅलो. बोला मास्तर, मी आतच आहे.

मास्तर : भाऊजी, सही केलीत?

भाऊजी : अजून नाही.

मास्तर : करू नका. चूक माझी होती. तुम्ही नऊनं येत होता. आणि ब्रेकही मारला होता, मागचा लाल दिवा लागलेला दिसतोय. आठ चित्रांत. मोजलीत मी.

ताई : अहो, ऐकताय ना?

भाऊजी : ऐकतोय. आठ म्हणालात?

मास्तर : आठ.

भाऊजी : बरं. तिला म्हणावं, इकडे येताना माझा वाचायचा चष्मा घेऊन ये. पाऊण तास या कागदावर सहीची जागा शोधतोय, इथे कुणाच्याच चष्म्याचा नंबर जुळत नाही.