साडूच्या चाकोरीतनं

आमी मूळचं कळसचं, इंदापूर तालुका. बा ट्रॅक्टरवर हुता, मीबी मिसरूड फुटायच्या आधी ट्रॅक्टरवर बसलो, उसाच्या ट्रॉल्या वढल्या, सारा जलम त्यातच गेला असता, पण बारामतीकडं ह्ये गोल्फचं मैदान झालं, तितं बॅटरीच्या गाड्या चालवायला माणसं पायजेत असं कळलं आन् मी आलो. आन् काय सांगू तुमाला, माझ्या पायावर मीच धोंडा पाडून घेतला. माझा साडू, म्हंजी बायकोच्या धाकट्या भणीचा नवरा, हणमंता, त्याला पणदऱ्यातनं मीच हितं आणला.

गाडी म्हंजी खेळण्यावानी, आवाज न्हाय, धूर न्हाय, पण कायदं किती! मेंबरनं, म्हंजी खेळायला आलेल्या बड्या माणसानं, चेंडू मारायला काठी उगारली का गाडी जागच्या जागी हुबी, खोकायचंबी न्हाय. चेंडूच्या भोकातल्या झेंड्याभवतीच्या बारीक गवतावर चाक घालायचं न्हाय. आन् वल्या गवतावर पुढच्या गाडीच्या चाकोरीत तर मुळीच जायचं न्हाय, ज्यानं त्यानं आपली नवी वाट धरायची, म्हंजी गवत एकाच जागी मरत न्हाय. आता तुमीच सांगा, उसाच्या रानात काय असतं? पुढच्याच्या चाकोरीतनंच ट्रॉली काढायची, न्हायतर खोडवा, म्हंजी तोडीनंतर फुटल्याला ऊस, चेंगरतो आन् मालक आईबापाचा उद्धार करतो. माझ्या हाताला त्येच वळण.

मैदानाचं साहेब म्हणलं हुतं, तुमा दोघांतल्या एकाला गाड्यांचा मुकादम करतो, बाकीचं समदं ड्रायव्हर त्याच्या हाताखाली. मी आधी आलेला, वयानं मोठा, मी घरी सांगून बसलो का मुकादम मीच, आन् बायकोनं लगेच भणीला फोन करून सांगितलं.

आन् एका सकाळी, गवताला पाणी मारल्यालं, हणमंता पुढं, मी मागं, दोघांच्याबी गाडीत मेंबर. मला कळलंबी न्हाय, मी त्याच्याच चाकोरीतनं गाडी काढली, अशी सुतात. मागं वळून बघतो तर हिरव्यागार गवतात चिखलाच्या दोन काळ्या रेघा. साहेब आलं, कुणी केलं म्हणलं. मी टोपी काढून डोस्कं खाजवाय लागलो, तवर हणमंता म्हणतो, साहेब, चूक माझी, मी पुढं हुतो, मी तात्यांना हात करून बाजूला घ्यायला पायजे हुतं. साहेबानं त्याच्याकडं अशा नजरंनं बघितलं, तसं माझ्याकडं माझ्या लग्नातबी कुणी बघितलं न्हाय. त्याच आठवड्यात हणमंता मुकादम झाला.

म्हंजी बघा, चूक माझी, तीबी त्यानंच नेली! जळतो मी, व्हय, जळतो, खोटं कशाला बोलू. त्यानं चुगली केली असती तर दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो, पण चांगल्या माणसाला शिव्या कशा द्यायच्या वो? पाव्हण्यारावळ्यांत गाऱ्हाणं सांगायला गेलो तर लोक त्याचंच कौतुक करत्यात. आन् बायको म्हणती, हणमंतरावांनी वाचवलं तुमाला. हणमंतराव! आधी त्याला नुसतं हणमंता म्हणायची.

आता सकाळी त्योच गाड्या वाटतो, मला नव्या बॅटरीची देतो, तात्या, ही घ्या म्हणतो, तेबी अदबीनं. मी घेतो गुमान. देव त्याचं भलं करो, रोज म्हणतो मी. फकस्त जरा दमानं करो, आन् माझ्या डोळ्यांदेखत नको.